विश्लेषण : फ्युएल सेलचा शोध एका वकिलाने कसा लावला? तो रस्त्यावर यायला पावणेदोनशे वर्षे का लागली?

हायड्रोजनवर धावणारी आणि धुराऐवजी पाण्याची वाफ सोडणारी बस ही एकविसाव्या शतकाची नवलाई वाटते. प्रत्यक्षात या बसला वीज पुरवणारा फ्युएल सेल, म्हणजेच इंधनघट, पेट्रोल इंजिनापेक्षाही जुना आहे. तो जन्माला आला तेव्हा लंडनच्या रस्त्यांवर घोडागाड्या होत्या आणि विजेचा दिवा कुणाच्याही घरात नव्हता. शोध लावणारे विल्यम रॉबर्ट ग्रोव्ह पेशाने वकील होते आणि पुढे ते न्यायमूर्ती झाले. आपल्या शोधावर चाललेले एकही वाहन त्यांना पाहायला मिळाले नाही. हायड्रोजनच्या गाड्यांवर आज जो मूळ आक्षेप घेतला जातो, त्याचे सूत्र मात्र त्यांनीच मांडून ठेवले होते.

विल्यम ग्रोव्ह कोण होते?

ग्रोव्ह यांचा जन्म ११ जुलै १८११ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे झाला. हे शहर त्या काळी तांबे गाळण्याच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध होते. धातू, आम्ले आणि भट्ट्यांचा धूर हे या मुलाच्या भोवतालचे रोजचे वातावरण होते. घर प्रतिष्ठित होते, वडील दंडाधिकारी होते. मुलाने सभ्य पेशा पत्करावा या अपेक्षेला धरून ग्रोव्ह ऑक्सफर्डला शिकले आणि १८३५ मध्ये लंडनमध्ये बॅरिस्टर झाले.

पण प्रकृती साथ देईना. वकिली जोमाने करता येत नसल्याने हाताशी वेळ उरला आणि तो त्यांनी विजेच्या प्रयोगांत घातला. त्याच सुमारास स्वान्सीत एक वैज्ञानिक संस्था उभी राहिली. पुढे ती रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ साउथ वेल्स म्हणून ओळखली गेली. तिच्या संस्थापक मंडळींत ग्रोव्ह होते. १८३७ मध्ये एमा पाउल्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विज्ञानाची कोणतीही पदवी नसलेला हा तरुण पुढच्या पाच वर्षांत युरोपातील नामवंत विद्युतशास्त्रज्ञांच्या पंगतीत जाऊन बसला.

त्यांची पहिली बॅटरी कोणती?

त्या काळी वीज मिळवण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे रासायनिक बॅटरी. १८३६ मध्ये आलेला डॅनियल घट साधारण १.१ व्होल्टचा दाब देई. ग्रोव्ह यांनी सौम्य गंधकाम्लात जस्त आणि तीव्र नायट्रिक आम्लात प्लॅटिनम ठेवले आणि मध्ये सच्छिद्र मातीचे भांडे घातले. या घटातून जवळपास १.९ व्होल्ट मिळू लागले, शिवाय प्रवाहही जोरकस होता. १८३९ मध्ये हा घट पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे सादर झाला आणि ग्रोव्ह यांचे नाव झाले.

विजेवर चालणाऱ्या वाहनांशी त्यांचा पहिला संबंध इथे येतो. रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे मॉरिट्झ याकोबी विद्युत मोटरवर नाव चालवण्याचे प्रयोग करत होते. १८३८ चा पहिला प्रयोग मंद ठरला. पुढच्या वर्षी त्यांनी ग्रोव्ह यांच्या पद्धतीचे घट बसवले आणि माणसांनी भरलेली नाव नेवा नदीत अधिक वेगाने चालली.

अमेरिकेत तारायंत्राच्या सुरुवातीच्या काळातही हा घट वापरला गेला. मात्र त्याला दोन खोडी होत्या. प्लॅटिनम महाग होते आणि नायट्रिक आम्लातून विषारी तपकिरी वायू बाहेर पडत असे. बंद खोलीत रांगेने मांडलेल्या घटांजवळ बसणे कठीण होई. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन यांनी प्लॅटिनमच्या जागी कार्बन वापरून पहिली अडचण दूर केली. दुसरी तशीच राहिली.

वायूंपासून वीज कशी मिळाली?

विजेचा प्रवाह सोडला की पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन होते, हे १८०० पासून माहीत होते. हीच क्रिया उलट केली तर काय होईल, हा ग्रोव्ह यांचा प्रश्न होता. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन पाणी होताना वीज परत मिळेल का?

१८३९ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या एका टिपणाच्या पुरवणीत त्यांनी पहिला पुरावा दिला. दोन नळ्यांमध्ये प्लॅटिनमच्या पट्ट्या होत्या. एका नळीत हायड्रोजन होता, दुसरीत ऑक्सिजन आणि दोन्हींची तोंडे सौम्य गंधकाम्लात बुडवलेली होती. पट्ट्या तारेने जोडल्या की विद्युतमापकाची सुई सरकत होती आणि सरकलेलीच राहत होती.

एका जोडीतून मिळणारी वीज नगण्य होती. म्हणून १८४२ मध्ये त्यांनी अशा ५० जोड्या एकापुढे एक जोडल्या. प्लॅटिनमवर प्लॅटिनमचीच बारीक पूड चढवली, म्हणजे पृष्ठभाग वाढला. या वेळी परिणाम सगळ्यांना जाणवण्याजोगा होता. हातात हात धरून उभ्या असलेल्या पाच माणसांना विजेचा झटका बसला. कोळशाच्या दोन टोकांमध्ये भर दिवसा दिसेल अशी ठिणगी उडाली. या यंत्राच्या विजेने पाण्याचे विघटनही झाले आणि त्यासाठी किमान २६ जोड्या लागतात असे त्यांनी मोजून काढले. वायू खर्च होतानाचे प्रमाणही बरोबर होते. ऑक्सिजनच्या दुप्पट हायड्रोजन संपत होता, म्हणजेच पाण्यात ते ज्या प्रमाणात असतात त्याच प्रमाणात.

त्यांनी या यंत्राला वायूची बॅटरी म्हटले आणि मायकेल फॅरेडे यांना पत्र लिहून ती कळवली. फ्युएल सेल हे नाव पुढे अनेक दशकांनी आले.

या प्रयोगांत त्यांना एक मर्मही सापडले. क्रिया सगळीकडे होत नव्हती. वायू, आम्ल आणि प्लॅटिनम हे तिन्ही जिथे एकमेकांना भिडतात, त्या चिंचोळ्या रेषेतच ती होत होती. जास्त वीज हवी असेल तर ही भेटीची जागा वाढवायला हवी, हे त्यांनी ओळखले. आजच्या फ्युएल सेलवरील संशोधनाचा मोठा भाग याच एका कामाभोवती फिरतो.

शोधाचे श्रेय नेमके कोणाचे?

स्वित्झर्लंडमधील बाझल विद्यापीठाचे ख्रिस्तियान श्योनबाइन हेही याच सुमारास याच घटनेचा अभ्यास करत होते. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या संपर्कातील प्लॅटिनम वीज देते, हे त्यांचे निरीक्षण जानेवारी १८३९ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रोव्ह यांचे टिपण त्यानंतर महिन्याभरात आले. त्यामुळे मूळ परिणाम आधी कोणाला दिसला यावर इतिहासकार आजही चर्चा करतात. वीज देणारे, चालते यंत्र ग्रोव्ह यांनी उभे केले, यावर मात्र वाद नाही.

श्रेयाच्या अशा प्रश्नातून शास्त्रज्ञांमध्ये आयुष्यभराची वैरे झाल्याची उदाहरणे आहेत. इथे उलटे झाले. दोघे १८३९ मध्ये बर्मिंगहॅमच्या विज्ञान परिषदेत भेटले, मित्र झाले आणि वर्षानुवर्षे एकमेकांना पत्रे लिहीत राहिले.

मग हा शोध मागे का पडला?

पहिले कारण म्हणजे खर्च. प्लॅटिनम तेव्हाही महाग होते आणि मिळणारी वीज तुटपुंजी होती. दुसरे कारण हायड्रोजनचे. तो निसर्गात मोकळा सापडत नसल्याने तयार करावा लागे आणि त्यासाठी पुन्हा बॅटरीची वीज किंवा जस्त आणि आम्ल खर्ची पडे. मग ते जस्त थेट बॅटरीतच का वापरू नये, या प्रश्नाला त्या काळी उत्तर नव्हते.

तिसरे कारण नंतर आले. १८६० च्या दशकाच्या अखेरीस डायनामो पुढे आला. वाफेच्या इंजिनाला डायनामो जोडला की हवी तेवढी वीज मिळू लागली. कोळसा स्वस्त होता, धुराची पर्वा कुणाला नव्हती. १८८९ मध्ये लुडविग मोंड आणि कार्ल लँगर यांनी कोळशापासून मिळवलेल्या वायूवर ग्रोव्ह यांचे यंत्र चालवून पाहिले, पण प्लॅटिनमचा खर्च त्यांनाही परवडला नाही. फ्युएल सेल हे नाव रूढ करण्याचे श्रेय साधारणपणे या दोघांना दिले जाते.

ग्रोव्ह यांनी मांडलेले सूत्र काय होते?

१८४१ मध्ये ग्रोव्ह लंडन इन्स्टिट्यूशन या संस्थेत प्रायोगिक विज्ञानाचे प्राध्यापक झाले. तिथल्या व्याख्यानांत त्यांनी एक विचार विकसित केला आणि १८४६ मध्ये तो पुस्तकरूपाने मांडला. उष्णता, प्रकाश, वीज, चुंबकत्व, गती आणि रासायनिक क्रिया या सगळ्या शक्ती एकमेकींत बदलता येतात. त्यांतली कोणतीही शून्यातून निर्माण होत नाही. एक मिळवायची तर दुसरी खर्च करावी लागते.

ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तेव्हा आकार घेत होता. जेम्स जूल मोजमापे करत होते, जर्मनीत मायर आणि हेल्महोल्ट्झ सिद्धांत मांडत होते. ग्रोव्ह यांच्या मांडणीत गणित नव्हते, त्यामुळे नियमाचे श्रेय त्यांच्याकडे गेले नाही. पण सामान्य सुशिक्षित वाचकापर्यंत हा विचार पोहोचवण्यात त्यांच्या पुस्तकाचा वाटा मोठा होता. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

हा विचार त्यांच्या वायूच्या बॅटरीतूनच आला होता असे म्हणता येईल. एका टोकाला वीज घालून पाण्याचे वायू करायचे, दुसऱ्या टोकाला त्याच वायूंपासून वीज आणि पाणी परत मिळवायचे. शक्तीचे रूपांतर टेबलावर मांडून दाखवणारा याहून सोपा प्रयोग क्वचितच असेल.

विज्ञान सोडून ते न्यायालयात का गेले?

१८४६ मध्ये ग्रोव्ह यांनी प्राध्यापकपद सोडले. संसार वाढला होता आणि विज्ञानातून पोट भरण्याची सोय त्या काळच्या इंग्लंडमध्ये फारच थोड्यांना होती. बॅरिस्टरची सनद होतीच. पुढच्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना रॉयल मेडल दिले, म्हणजे विज्ञानातला मोठा सन्मान मिळाला तेव्हा ते विज्ञानाच्या नोकरीतून बाहेर पडलेले होते.

पण जाता जाता त्यांनी एक महत्त्वाचे काम केले. रॉयल सोसायटीत तेव्हा उमराव, श्रीमंत आणि ओळखीपाळखीच्या लोकांची भरती होत असे. संशोधन न केलेले सदस्यच अधिक होते. ग्रोव्ह हे सुधारणांसाठी झटणाऱ्यांच्या आघाडीवर होते. १८४७ मध्ये नियम बदलले आणि वर्षाला फक्त १५ नवे सदस्य, तेही वैज्ञानिक कामगिरी पाहून निवडायचे असे ठरले. ही संस्था शास्त्रज्ञांची संस्था झाली, त्यामागे एका वकिलाची चिकाटीही होती.

वकील आणि न्यायाधीश म्हणून कारकीर्द कशी होती?

१८५३ मध्ये ते क्वीन्स कौन्सेल, म्हणजे ज्येष्ठ वकील झाले. पेटंटच्या दाव्यांत त्यांच्या विज्ञानाच्या ज्ञानाचा उपयोग होई. सर्वात गाजलेला खटला मात्र खुनाचा होता. १८५६ मध्ये डॉक्टर विल्यम पामर यांच्यावर मित्राला विष देऊन मारल्याचा आरोप झाला. फिर्यादी पक्ष म्हणत होता की विष स्ट्रिक्निन होते, पण मृतदेहाच्या तपासणीत स्ट्रिक्निन सापडले नव्हते. पामर यांच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या वकिलांत ग्रोव्ह होते. रासायनिक पुरावा किती निर्णायक मानायचा, यावर लंडनच्या न्यायालयात तज्ज्ञांच्या साक्षी झडल्या. शेवटी पामर दोषी ठरले आणि त्यांना फाशी झाली.

१८६६ मध्ये नॉटिंगहॅम येथे ब्रिटिश विज्ञान परिषदेचे अध्यक्षपद ग्रोव्ह यांना मिळाले. डार्विन यांचा उत्क्रांतिवाद तेव्हा वादग्रस्त होता. निसर्गात बदल सलग आणि हळूहळू होतात, अशी मांडणी करत ग्रोव्ह यांनी अध्यक्षीय भाषणात त्याच्या बाजूने कौल दिला. १८७१ मध्ये ते न्यायमूर्ती झाले, पुढच्या वर्षी त्यांना सर हा किताब मिळाला. १८८७ मध्ये निवृत्त झाल्यावर ते पुन्हा विज्ञानाकडे वळले. १ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. चार वर्षांनी, १९०० मध्ये, फर्डिनांड पोर्श यांनी पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटर एकत्र केलेली हायब्रिड गाडी बनवली. तिच्यात फ्युएल सेल नव्हता. तोवर तो जवळपास विस्मरणात गेला होता.

या शोधाला पुनर्जन्म कोणी दिला?

इंग्लिश अभियंते फ्रान्सिस थॉमस बेकन १९३२ पासून या विषयामागे लागले. त्यांनी आम्लाऐवजी अल्कली आणि प्लॅटिनमऐवजी स्वस्त निकेल वापरले. सत्तावीस वर्षांच्या खटपटीनंतर, १९५९ मध्ये, त्यांनी ५ किलोवॉटचा फ्युएल सेल चालवून दाखवला. त्याच वर्षी अमेरिकेत अॅलिस-चाल्मर्स कंपनीने फ्युएल सेलवर चालणारा ट्रॅक्टर पुढे आणला.

बेकन यांच्या पेटंटांच्या आधारे बनवलेले फ्युएल सेल अपोलो यानांना वीज पुरवत होते. त्यातून तयार होणारे पाणी अंतराळवीर पीत असत. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ यानातील ऑक्सिजनची टाकी फुटली, तेव्हा फ्युएल सेल बंद पडले आणि वीज व पाणी दोन्हींवर एकदम संकट आले. चांद्रयानाच्या बॅटऱ्यांवर काटकसर करत अंतराळवीर जेमतेम परतले. इंधन नसेल तर फ्युएल सेल काहीच देत नाही, हे त्या चार दिवसांत जगाला दिसले.

गाडीत फ्युएल सेल असताना बॅटरी कशाला?

आजच्या गाडीतील फ्युएल सेलमध्ये आम्लाच्या जागी पातळ पापुद्रा असतो. एका बाजूला आलेल्या हायड्रोजनमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि तारेतून मोटरकडे जातात. उरलेले प्रोटॉन पापुद्र्यातून पलीकडे जातात आणि तिथे हवेतील ऑक्सिजनशी मिळून पाणी होते. उत्प्रेरक म्हणून अजूनही प्लॅटिनमच लागते, पण ते कार्बनच्या कणांवर अत्यंत बारीक विखुरलेले असते. भेटीची जागा वाढवण्याचा ग्रोव्ह यांचाच मार्ग.

वापरात असताना एका सेलमधून जेमतेम ०.६ ते ०.७ व्होल्ट मिळतात. म्हणून ते शेकड्याने एकावर एक रचतात. २०१४ मध्ये बाजारात आलेल्या टोयोटा मिराई गाडीत ३७० सेल होते आणि त्यांची एकत्रित क्षमता ११४ किलोवॉट होती.

फ्युएल सेलला एकसारखे काम मानवते. सिग्नल सुटताच लागणारी विजेची उसळी, घाटाची चढण, पुन्हा ब्रेक अशी ओढाताण त्याचे आयुष्य कमी करते. म्हणून सोबत बॅटरी देतात. वेग घेताना ती जोर पुरवते आणि ब्रेक लावल्यावर मोटरच जनित्र होऊन वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत भरते. फ्युएल सेलला ब्रेकची ऊर्जा साठवता येत नाही. त्यामुळे फ्युएल सेलच्या गाड्या सहसा हायब्रिडच असतात.

पुण्याचा याच्याशी संबंध काय?

ऑक्टोबर २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सीएसआयआर आणि केपीआयटी यांनी हायड्रोजन फ्युएल सेलवरील गाडीची चाचणी घेतली. सेल देशातच विकसित केलेला होता. ऑगस्ट २०२२ मध्ये याच दोघांनी बनवलेल्या फ्युएल सेल बसचे पुण्यात अनावरण झाले. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन निर्माण करण्याचे उद्दिष्ट आहे.

मग हायड्रोजन हेच भविष्य आहे का?

इथे ग्रोव्ह यांचे १८४६ चे सूत्र पुन्हा पुढे येते. शक्ती शून्यातून येत नाही. हायड्रोजन हा ऊर्जेचा साठा आहे, स्रोत नाही. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन मिळवायला साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्या एका किलोत सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते. गाडीतला फ्युएल सेल त्यातली अर्ध्याच्या आसपास विजेत बदलतो. म्हणजे ५० युनिट घातल्यावर हाती १६-१७ युनिट येतात. हायड्रोजन दाबून टाकीत भरण्याचा खर्च वेगळा. तीच वीज थेट बॅटरीत भरली तर त्यातली बहुतांश चाकांपर्यंत पोहोचते. शिवाय जगात आज वापरला जाणारा बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनतो, म्हणजे धूर गाडीच्या मागून निघाला नाही तरी कारखान्यात निघतोच.

म्हणून छोट्या गाड्यांसाठी बॅटरी सरस ठरत आहे. लांब पल्ल्याचे ट्रक आणि बस यांचे गणित वेगळे असू शकते. तिथे बॅटरीचे वजन आणि चार्जिंगचा वेळ परवडत नाही, हायड्रोजन मात्र काही मिनिटांत भरता येतो. सौर किंवा पवनऊर्जेची वीज मुबलक आणि स्वस्त असेल तिथेच हा व्यवहार जमेल. फ्युएल सेलच्या कोणत्याही नव्या घोषणेला विचारायचा पहिला प्रश्न त्यामुळे एकच राहतो, की हायड्रोजन कशापासून आणि किती वीज खर्चून बनवला. ग्रोव्ह यांच्या टेबलावर याचा हिशेब उघडाच होता, कारण खर्ची पडणारे वायू आणि मिळणारी वीज दोन्ही नळ्यांतच दिसत होती.